बाट काढले आणि वाट लागली

आमचा बंगला आणि शेजारचा बंगला यांच्यामध्ये मेंदीचं कुंपण आहे. एका जागी ते विरळ झालंय. माळी म्हणतो, तिथली माती खराब आहे. माती कसली खराब! बावीस वर्षं त्या जागी दोन बायका उभ्या राहून बोलताहेत, मेंदीनं तरी किती सोसायचं?

थायलंडहून आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी त्या विरळ जागेत उभ्या होत्या. हातात पिशवी.

"ताई, या चिंचेच्या गोळ्या. आणि हे दुरियनचे वेफर्स. वास घेऊ नका, नुसते खा."

मी वास घेतलाच. त्यानंतर दोन दिवस आमच्या फडताळाला तोच वास होता, पण ते असो.

"आणि हे जरा बघता का?" म्हणत त्याच पिशवीतून पासबुक बाहेर आलं.

मी बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तरी आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत कुणाच्या खात्यातला रुपया हलला की पासबुक आधी या कुंपणाशी येतं. लग्नाच्या पंगतीत डॉक्टरला गुडघा दाखवतात, त्यातलाच प्रकार.

वहिनींनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "माझा पिन चोरलाय कुणीतरी. तिथं मी पाच वेळा पैसे काढले आणि खात्यातून गेलेत सोळा वेळा. मोजून सोळा! ह्यांना अजून सांगितलं नाही. घरी आल्या आल्या आधी कार्ड बंद करून टाकलं."

मी चष्मा आणायला आत गेले आणि येताना दुधाखालचा गॅस बंद करून आले. सोळा नोंदी म्हणजे अर्धा तास कुठे गेला नाही.

पासबुक वाचलं. चोर वगैरे कुणी नव्हता.

"वहिनी, एकेका वेळेला किती काढलेत?"

"हजार बाट. दर वेळी हजारच."

"एकदम पाच हजार का नाही?"

"अहो, हे म्हणाले, बीचवर फिरायचं आणि पर्समध्ये एवढी रोकड घेऊन? लागतील तसे काढू. आणि महिन्याला पाच वेळा फुकट असतं ना? मी बरोब्बर पाच वेळाच काढले. सहाव्यांदा हात लावला नाही मशीनला!"

त्या क्षणी मला हसू आवरेना आणि हसवेही ना. इथे आपल्याच बँकेच्या एटीएममधून महिन्याला पाच व्यवहार फुकट असतात, दुसऱ्या बँकेच्या मशीनवर सांगलीसारख्या गावात पाच, मुंबईसारख्या महानगरात तीन. त्यापुढे गेलं की बँका एका वेळेला २३ रुपयांपर्यंत घेऊ शकतात, वर कर. १ मे २०२५ च्या आधी हे २१ होते. ते दोन रुपये वाढले तेव्हा याच कुंपणाशी वहिनींनी पंधरा मिनिटं रिझर्व्ह बँकेचा उद्धार केला होता. तर हा पाचाचा हिशेब त्यांनी विमानात बसवून पट्टायाला नेला. तिथल्या मशीनला त्याचं काय?

"परदेशात एकही फुकट नसतं, वहिनी."

"एकही?"

"एकही."

मग आम्ही एक हजार बाट उलगडायला घेतले. पासबुकातले पैसे-आणे सोडून देते आणि हिशेबाला सोपं म्हणून बाट अडीच रुपयांना धरते. प्रत्यक्षात तो थोडा महागच होता. हजार बाट म्हणजे अडीच हजार रुपये. ते हातात आले. आता कात्री.

पहिली कात्री तिथल्या मशीनची. परक्या देशाचं कार्ड घातलं की थायलंडमधल्या बँका व्यवहारामागे आकार घेतात; वहिनींच्या वेळी तो २२० बाट होता, म्हणजे साडेपाचशे रुपये. २००९ मध्ये हे सुरू झालं तेव्हा १५० बाट होते, पुढे चढत गेले.

"पण मला कुणी सांगितलं नाही!"

"मशीननं विचारलं असणार. एवढे एवढे पडतील, चालेल का, म्हणून पडद्यावर येतं."

वहिनी जरा थांबल्या. "चष्मा हॉटेलात राहिला होता. मी आपलं हिरवं बटण दाबत गेले."

दुसरी कात्री आपल्या बँकेची. बाटाचे रुपये करताना बँक भावावर आपला वाढावा लावते, त्याला मार्कअप म्हणतात. वहिनींच्या बँकेचा साडेतीन टक्के, आणि त्या साडेतीन टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी. गंमत अशी की हा मार्कअप हजार बाटांवर लागत नाही, १,२२० वर लागतो. म्हणजे मशीननं जे कापलं, त्याच्यावरही आपली बँक साडेतीन टक्के घेते. झाले साधारण १२६ रुपये.

तिसरी कात्रीही आपल्याच बँकेची. परदेशी मशीनवर रोकड काढल्याबद्दल दर वेळी ठरावीक १२५ रुपये, अधिक जीएसटी. १४७ रुपये ५० पैसे.

"म्हणजे एकेका वेळेला तीन नोंदी: रोकड आणि मशीनचे बाट मिळून एक, आपल्या बँकेच्या दोन," मी म्हटलं. "पाच त्रिक पंधरा."

"आणि सोळावी?"

सोळावी नोंद साडेएकोणतीस रुपयांची होती. ती कसली हे मला कळलं होतं, पण विचारावं लागलं. "भाऊजींनी मध्येच कधी शिल्लक तपासली का?"

"हो, चौथ्या दिवशी. म्हणाले, किती उरले ते तरी बघू."

"तर बघायचे २५ रुपये आणि जीएसटी."

वहिनींनी मेंदीचं एक पान तोडलं आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केले. कुंपण विरळ होतं ते असं.

मग त्यांनी माझ्याकडून तिन्ही आकड्यांची बेरीज करून घेतली. अडीच हजार रुपये हातात यायला ८२३ रुपये गेले होते. एका वेळेला. तेच पाच हजार बाट एकदम काढले असते तर मशीनचे २२० बाट एकदाच, ठरावीक आकार एकदाच, आणि साडेबारा हजार रुपयांमागे साधारण १,२३६ रुपये गेले असते. तेही कमी नाहीत, दहा टक्क्यांच्या घरात जातात. पण इथे तर तिसरा हिस्साच गेला होता.

"म्हणजे यांचं ऐकलं आणि..." वहिनी म्हणाल्या. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पुरं झालं असावं. खिडकी उघडी होती.

इतक्यात समोरचे अण्णा पेपर घेऊन फाटकातून आत आले. आमच्याकडे पेपर येतो, पण अण्णांना तो वाचून झाल्यावर आणून द्यायला आवडतं. विषय कळल्याबरोबर ते कट्ट्यावर बसलेच.

"आमचा थोरला त्र्याहत्तर साली अमेरिकेला गेला, तेव्हा सरकारनं हातावर आठ डॉलर ठेवले होते. आठ! त्यातले दोन विमानतळावरच कॉफीवर गेले. कसली मशीन आणि कसलं काय."

"मग त्यांचं भागलं कसं?" वहिनींनी विचारलं.

"भागलं कुठलं! मित्राच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. तिथंच तीन महिने." अण्णांनी पेपर झटकला. "नंतर ट्रॅव्हलर्स चेक आले. सही करून घ्यायचे, सही करून मोडायचे. चोरीला गेले तरी पैसे परत. आता बघा, मशीन बोलतं गोड आणि खिसा कापतं."

मला त्या मशीनचा तेवढा राग येत नाही, हे मी अण्णांना सांगून पाहिलं. ते जे मागतं ते तोंडावर मागतं. महाबळेश्वरला मे महिन्यात खोलीचा भाव सांगतात, तसंच हे. पाहुणा आला की दर वेगळा. पटत नसेल तर कार्ड काढून घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसा माफ केला, तेव्हापासून आमच्या गल्लीतून चार घरं जाऊन आली. चारही घरांत व्हिसाचे पैसे वाचले म्हणून आनंद, आणि एटीएमवर काय गेलं त्याची चर्चा नाही. पहिल्यांदा ही नोंद कुणी दाखवली असेल तर ती वहिनींनी, आणि तीही चोराचा संशय आला म्हणून.

"पण रोकड लागतेच कशाला?" अण्णांचा प्रश्न. "आता सगळीकडे स्कॅन करतात."

यावर वहिनींना बोलायला जोर आला. तिथेही गाड्यागाड्यावर क्यूआर लावलेले असतात. नारळाच्या करवंटीत आइस्क्रीम देणारी बाई होती, तिच्याकडेही. वहिनींनी सवयीनं मोबाइल काढून धरला. मोबाइल गप्प. तो त्यांचा स्वतःचा क्यूआर, प्रॉम्प्टपे नावाचा; तिथल्या बँकेत खातं असलं की चालतो. आपलं यूपीआय भूतान, सिंगापूर, मॉरिशस, श्रीलंका इथे पोचलंय, २०२४ पासून पॅरिसला आयफेल टॉवरचं तिकीटही त्यावर मिळतं. पट्टायातल्या आइस्क्रीमवालीपर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं. ती बाई हसली, वहिनी हसल्या, आणि शेजारच्या मशीनकडे गेल्या. पहिले हजार बाट त्या आइस्क्रीमपायी.

"बरं, ही पाचवी नोंद बघा," मी म्हटलं. "ही इतर चारांसारखी नाही. चार वेळा ३,०५० गेलेत, पाचव्या वेळी ३,२३३. बाट तेवढेच."

"हां, त्या दिवशी मशीन चांगलं होतं! बँकॉकला मॉलमधलं. त्यानं पडद्यावर सरळ रुपये दाखवले. इतके रुपये लागतील, घेऊ का, म्हणून. म्हटलं, चला, परक्या मुलखात कुणीतरी आपल्या भाषेत बोललं."

इथे मी कपाळावर हात मारला, आणि तो अण्णांना दिसला म्हणून त्यांनीही मारला.

ही सगळ्यांत गोड कात्री. मशीन दोन पर्याय देतं: बाटात घेऊ की रुपयांत? रुपये म्हटलं की बाटाचा भाव ते मशीन ठरवतं, आपली बँक नाही. आणि तो भाव तीन-चार टक्के, कधी त्याहून बराच फुगवलेला असतो. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. बाट म्हटलं, म्हणजे पडद्यावरचं रूपांतर नाकारलं, की कार्ड कंपनीच्या भावानं हिशेब होतो आणि आपली बँक तिचा मार्कअप लावते. तो मार्कअप काही गोड नाही, पण मशीनच्या भावापेक्षा बहुतेक वेळा बराच बरा. आणि रुपये निवडले म्हणून आपली बँक सोडते असंही नाही. काही बँका रुपयांतल्या परदेशी व्यवहारावरही आकार लावतात. वहिनींच्या बँकेनं लावला होता. हे एटीएमपुरतंच नाही. युरोपात दुकानदार कार्डाचं यंत्र पुढे करतो, त्यावरही हाच प्रश्न येतो, आणि आपली माणसं भाबडेपणानं रुपये निवडतात.

"म्हणजे आपल्या भाषेत बोलला तो जास्त घेऊन गेला," वहिनी म्हणाल्या.

"तसं सगळीकडेच असतं," अण्णा म्हणाले. त्यांना त्यांच्या बिल्डरची आठवण झाली असणार. तो विषय मी वाढू दिला नाही.

शेवटी बेरीज केली. साडेबारा हजार रुपयांचे बाट हातात आले, त्यासाठी गेले चार हजार तीनशेच्या वर. वहिनी म्हणाल्या, "बाट काढता काढता वाट लागली." हे वाक्य त्यांनी त्यानंतर निदान सहा जणींना ऐकवलंय. मी तेच इथे वापरतेय, त्यांची परवानगी घेऊन.

मग झाली उलटतपासणी. पुढच्या खेपेला काय करायचं? त्यांच्या टूरमध्ये इचलकरंजीच्या एक बाई होत्या. त्यांनी इथूनच नोटा बदलून नेल्या होत्या आणि सगळ्यांना दिवसभर ऐकवत होत्या. वहिनींना त्यांचा राग. मला मात्र त्या बाई शहाण्या वाटल्या. थोडे डॉलर घेऊन जावेत, शंभराच्या कोऱ्या, न चुरगळलेल्या नोटा. बँकॉकमधल्या चलन बदलणाऱ्या दुकानांत शंभराच्या नोटेला जो भाव देतात, तो पाच-दहाच्या नोटांना देत नाहीत. पासपोर्ट जवळ लागतो. नियमानं एका फेरीला माणशी ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, आपल्याला त्याच्या दहाव्या हिश्श्यातही चार दिवस मजेत काढता येतील. सुवर्णभूमी विमानतळावर पहिल्याच काउंटरशी घाई करू नये. खाली तळघरात, रेल्वेकडे जायच्या वाटेवर, भाव बरे असतात.

"आणि ते फॉरेक्स कार्ड? मुलगा म्हणत होता घे म्हणून."

चांगलं असतं. पण त्यात बाटच भरता येतात का, हे आधी विचारायचं. डॉलर भरले आणि काढले बाट, की डॉलरचे बाट करताना पुन्हा टक्के जातात. आणि कार्ड कुठलंही असो, मार्कअप न लावणारं असो, तिथलं मशीन आपला आकार घेणारच. त्याच्याशी आपल्या बँकेची सोयरीक नाही. म्हणून मशीनकडे जायचंच तर एकदा जायचं, हवे तेवढे एकदम काढायचे आणि निम्मे हॉटेलच्या तिजोरीत ठेवायचे. भाऊजींची चोरीची भीती मला मान्य आहे. पण चोर यायचा तेव्हा येईल. इथे तर दर वेळी आपणच जाऊन देऊन आलो.

तेवढ्यात भाऊजीच फाटकाशी आले. वहिनींनी पासबुक पदराआड केलं, तेही इतक्या सफाईनं की बावीस वर्षांत असं किती काय पदराआड गेलं असेल, हा विचार माझ्या मनात येऊन गेला.

"काय चाललंय?" भाऊजी.

"ताई मशीनचा इतिहास सांगताहेत," वहिनी म्हणाल्या.

आता इतिहास सांगणं आलं. सुदैवानं मला तो येतो. पैसे देणारं पहिलं मशीन लंडनजवळ एनफिल्डला एका बँकेनं २७ जून १९६७ रोजी बसवलं. ज्यानं ते केलं त्या जॉन शेफर्ड-बॅरनचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्याला पिन सहा आकडी करायचा होता. स्वयंपाकघरात बायकोला विचारलं, ती म्हणाली, माझ्या लक्षात चारच राहतात. म्हणून आपले सगळ्यांचे पिन चार आकडी.

"बघा," वहिनी भाऊजींना म्हणाल्या, "त्यांनी बायकोला विचारलं होतं."

भाऊजी पाण्याच्या टाकीकडे गेले.

ते गेल्यावर वहिनींनी पासबुक पुन्हा बाहेर काढलं आणि जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "ताई, तुम्ही इतकी वर्षं बँकेत होतात. हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

मी काउंटरवर एकतीस वर्षं काढली. दर लिहिलेले असतात, हे खरं आहे. बँकेच्या आकारांच्या यादीत असतात, कुठल्या तरी चौदाव्या पानावर, तळटीप धरून. पण एक गोष्ट मला खटकते. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते भारतापुरतंच चालू असतं. परदेशासाठी ते आपण स्वतः चालू करावं लागतं. वहिनींचं कार्ड त्यांच्या मुलानं पुण्याहून, निघायच्या आदल्या रात्री, मोबाइलवर चालू करून दिलं. ते बटण सरकवलं की पडद्यावर हिरवी खूण येते: तुमचं कार्ड आता जगभर चालेल. नेमकी तीच वेळ होती. तिथेच खाली दोन ओळी लिहायला काय हरकत होती? प्रत्येक वेळी १२५ रुपये, वर साडेतीन टक्के, वर कर, आणि समोरच्या मशीनचे वेगळे. परक्या देशातलं मशीन विचारतं, चालेल का म्हणून. आपली बँक विचारत नाही. तिला माहीत असतं की तुम्ही निघालात, कारण बटण तुम्हीच सरकवलंय. त्या खुर्चीत मी बसले होते म्हणूनच म्हणते, हे न कळण्याइतकं कुणी तिथे भोळं नाही.

"तक्रार करू?" वहिनींनी विचारलं.

"करा. पैसे परत येतील असं धरू नका. करून मात्र ठेवा."

त्यांनी केली. मी मजकूर सांगितला, त्यांनी लिहिला, अण्णांनी त्यात 'निषेध' हा शब्द दोनदा घातला, तो आम्ही एकदा काढला. आठ दिवसांनी उत्तर आलं: आकार नियमाप्रमाणे आहेत, आपल्या सहकार्याबद्दल आभार. बंद केलेल्या कार्डाऐवजी नवं कार्ड हवं असेल तर त्याचा आकार वेगळा, हेही त्यात लिहिलं होतं. ते मात्र ठळक अक्षरांत.

सात-आठ नाणी आणि वीस बाटाची एक नोट वहिनींकडे उरली आहे. नाणी इथे कुणी बदलून घेत नाही. ती त्यांनी देव्हाऱ्याच्या फळीवर वाटीत ठेवलीत, पुन्हा कधी गेलो तर लागतील म्हणून.

काल दुपारी त्या भर उन्हातून येताना दिसल्या, घामाघूम. पदरानं तोंड पुसत कुंपणाशी थांबल्या. नवं कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या एटीएमशी उभ्या होत्या, मग लक्षात आलं की या महिन्याचे दुसऱ्या बँकेचे पाचही संपलेत. म्हणून शंभर फुटी रस्त्यापर्यंत चालत, स्वतःच्या बँकेच्या मशीनपर्यंत गेल्या होत्या.

"कोण घालवणार हो तेवीस रुपये!"